कुठल्या टेबलावर बसावे? पत्ते मोजणाऱ्यांचा पन्नास वर्षांचा हिशोब

मंडळी, विषय पाहून दचकू नका. निवृत्त शिक्षिकेने जुगारावर लिहावे हे जरा विचित्रच आहे, पण मला पत्त्यांपेक्षा त्यामागच्या इतिहासात रस आहे. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांना पश्चिम किनाऱ्याची सहल घडते आणि तीत एक मुक्काम लास व्हेगासचा असतो. परत आल्यावर तिथल्या दिव्यांची आणि कारंज्यांची वर्णने होतात. ब्लॅकजॅकच्या हिरव्या टेबलांबद्दल मात्र एवढेच ऐकायला मिळते की काही फार हुशार पोरे सगळे पत्ते पाठ ठेवून कॅसिनोला लुटतात. '२१' नावाचा सिनेमा २००८ साली आला, त्याने तर हा समज पक्काच करून टाकला.

या समजात दोन गोष्टी चुकीच्या आहेत. पहिली म्हणजे पत्ते कोणी पाठ ठेवत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. पत्ते मोजता येणे हा या विद्येचा सोपा भाग आहे. चौथीतल्या मुलालाही तो महिनाभरात शिकवता येईल. अवघड भाग म्हणजे समोरचे टेबल खेळण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे खुर्चीत बसण्याआधी ठरवणे. हे ठरवायचे कसे, हे लोक कसकसे शिकत गेले आणि कॅसिनोवाले त्यांच्यापुढे एकेक पाऊल कसे टाकत गेले, त्याची ही कहाणी. तिच्या शेवटी मोजणी न करणाऱ्या साध्या माणसासाठीही एक धडा आहे. म्हणून लिहायला घेतले.

आधी खेळ समजून घेऊ. एका बाजूला कॅसिनोचा डीलर, समोर अर्धवर्तुळात खेळाडू. प्रत्येक खेळाडू फक्त डीलरशी खेळतो, शेजाऱ्याशी नाही. आधी पैसे लावायचे, मग दोन पत्ते मिळतात. डीलर स्वतःला दोन घेतो, त्यातला एक उघडा ठेवतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंत आकड्याइतके गुण, राजा-राणी-गुलामाचे दहा, एक्क्याचे एक किंवा अकरा. बेरीज २१च्या जवळ न्यायची. ओलांडली की डाव फुटला. खेळाडूला पत्ता घ्यायचा की थांबायचे हे ठरवण्याची मुभा असते. डीलरला ती नसते. सतरा होईपर्यंत घ्यायचे, मग थांबायचे, एवढाच त्याचा नियम. पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचे पान आले की त्याला ब्लॅकजॅक म्हणतात आणि त्याला दीडपट मिळतात, म्हणजे १० डॉलर लावले असतील तर १५. शिवाय लावलेले पैसे दुप्पट करून एकच पत्ता घेता येतो. दोन पाने सारखी आली तर ती तोडून दोन स्वतंत्र डाव करता येतात.

मग कॅसिनो जिंकतो कशाने? एका साध्या गोष्टीने. पत्ता आधी खेळाडूला घ्यावा लागतो. तो फुटला की त्याचे पैसे गेले. नंतर डीलरही फुटला तरी ते परत मिळत नाहीत. इथूनच कॅसिनोची सरशी सुरू होते. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरीने जेवढे कॅसिनोच्या खिशात जातात, त्याला मी आपली सोय म्हणून 'घरपट्टी' म्हणणार आहे. खेळ कुठलाही असो, घरपट्टी भरावीच लागते. प्रश्न एवढाच की किती टक्के?

गंमत म्हणजे १९५६पर्यंत ब्लॅकजॅकची घरपट्टी किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. खुद्द कॅसिनोवाल्यांनाही नाही. ती मोजली अमेरिकन लष्करात नोकरीला असलेल्या चार तरुणांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडर्मट अशी त्यांची नावे. मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर ते होते. हाताशी संगणक नव्हता. टेबलावर ठेवायची आकडेमोडीची यंत्रे घेऊन त्यांनी खेळाडूची प्रत्येक बेरीज आणि डीलरचे प्रत्येक उघडे पान यांच्या जोड्या मांडल्या आणि प्रत्येक जागी काय करणे सर्वांत कमी तोट्याचे, ते काढले. सप्टेंबर १९५६मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. निष्कर्ष असा की अचूक खेळले तर घरपट्टी अवघी ०.६२ टक्के. पुढे संगणकाने तपासल्यावर हा आकडा किंचित सुधारावा लागला, पण त्यांनी काढलेली खेळण्याची रीत जवळजवळ तशीच टिकली.

माझ्या मते हा या कहाणीतला पहिला मोठा क्षण. एका खेळाचा 'भाव' प्रथमच ठरला. भाव ठरला की दोन दुकानांतल्या भावांची तुलना करता येते. नियमात एक शब्द बदलला तर भाव किती बदलेल, हे विचारता येते. तोवर माणसे टेबल निवडत ती डीलरचा हसरा चेहरा, खुर्ची लाभण्याची समजूत असल्या गोष्टींवरून.

दुसरा क्षण एडवर्ड थॉर्प यांचा. हे गणिताचे प्राध्यापक, जन्म १९३२. त्यांच्या एका सहकाऱ्याने त्यांना चौघांच्या निबंधाबद्दल सांगितले. १९५८च्या नाताळच्या सुटीत थॉर्प लास व्हेगासला गेले तेव्हा ती रीत एका कागदावर उतरवून घेऊन गेले. दहा डॉलर घेऊन बसले आणि त्यातले साडेआठ गमावले! पण उठताना एक विचार घेऊन उठले. चौघांनी गृहीत धरले होते की प्रत्येक डाव पूर्ण बावन्न पानांतून वाटला जातो. प्रत्यक्षात तसे नसते. वाटलेली पाने बाजूला पडतात आणि पुढचा डाव उरलेल्या पानांतून होतो. फासा टाकला की त्याला मागचे काही आठवत नसते. पत्त्यांच्या कॅटाला मात्र आठवण असते. चार एक्के येऊन गेले असतील तर पिसेपर्यंत पाचवा येणार नाही.

मग थॉर्प एम.आय.टी.मध्ये आले. तिथल्या आयबीएम ७०४ या संगणकावर काम करता यावे म्हणून ते फोरट्रान शिकले आणि एकेक पान कॅटातून काढून टाकल्यास घरपट्टी किती बदलते ते त्यांनी काढले. उत्तर थोडक्यात असे: लहान पाने, विशेषतः पंजी, निघून गेली की खेळाडूचा फायदा. मोठी पाने आणि एक्के निघून गेले की कॅसिनोचा. कारण सरळ आहे. उरलेल्या कॅटात दहाची पाने जास्त असतील तर ब्लॅकजॅक जास्त येतात आणि ते आले की खेळाडूला दीडपट मिळतात, डीलरला फक्त एकपट. शिवाय सोळावरही पत्ता घ्यायला बांधलेला डीलर जास्त वेळा फुटतो.

जानेवारी १९६१मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. तो पुढे पाठवणारे होते क्लॉड शॅनन, माहितीशास्त्राचे जनक. त्याच वर्षी दोन श्रीमंत जुगाऱ्यांनी दिलेले दहा हजार डॉलर घेऊन थॉर्प नेव्हाडात उतरले आणि काही दिवसांत ती रक्कम दुपटीहून जास्त केली. १९६२ साली 'बीट द डीलर' हे त्यांचे पुस्तक आले आणि खूप खपले.

इथे मला आपली नलकथा आठवते. वनपर्वात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नल खाली उतरून मोजून पाहतो तर आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या शिकवतो आणि ती शिकल्यावरच नल आपले राज्य परत जिंकतो. मोजणे आणि द्यूत यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी किती आधी ओळखला होता, पहा.

आता मोजणी कशी करतात ते सांगते, म्हणजे 'पाठ ठेवणे' हा गैरसमज जाईल. १९६६च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सोपी रीत रूढ झाली. दुर्री ते छक्कीपैकी काही दिसले की एक मिळवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी दिसली की काही करायचे नाही. दहाचे पान किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. बस्स. डोक्यात एकच आकडा फिरत राहतो. तो वाढला की जास्त पैसे लावायचे, उतरला की कमीत कमी. किती जास्त लावायचे यासाठी बेल लॅबोरेटरीतल्या जॉन केली यांचे १९५६चेच एक सूत्र थॉर्पना उपयोगी पडले. त्याचे सार असे की जेवढी सरशी, तेवढ्याच प्रमाणात भांडवलाचा वाटा.

कॅसिनोवाले घाबरले. १ एप्रिल १९६४ रोजी लास व्हेगासच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने नियम बदलल्याचे जाहीर केले. एक्क्यांची जोडी तोडता येणार नाही आणि पैसे दुप्पट करायचे ते फक्त बेरीज अकरा असताना. ही तारीख एप्रिल फूलची होती, पण थट्टा नव्हती. आणि मग जे घडले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटते. पत्ते मोजणारे तेव्हा मूठभर होते. त्यांच्या जाण्याने कोणाचे काय अडले असते? पण साधे लोकच टेबलांवरून उठले. ज्यांना घरपट्टी हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनाही एवढे कळले की कालपर्यंत मिळणारे काहीतरी आज काढून घेतले आहे. टेबले ओस पडली, डीलर मंडळींची बक्षिशी आटली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले.

कॅसिनोवाले यातून शहाणे झाले. त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. थॉर्पचे पुस्तक काखेत मारून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोजणी धड जमत नाही, ते हरतातच. उलट 'हा खेळ जिंकता येतो' या बातमीने गर्दी वाढते. तेव्हा नियम उघडपणे बिघडवण्यापेक्षा कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही असा बदल केलेला बरा. त्यांनी एका कॅटाऐवजी चार, मग सहा, मग आठ कॅट एकत्र पिसून एका खोक्यातून वाटायला सुरुवात केली. त्या खोक्याला 'शू' म्हणतात. आणि पूर्वी एकेरी कॅट जवळजवळ शेवटच्या पानापर्यंत वाटत, ते बंद करून मध्येच पिसायला लागले.

या दुसऱ्या बदलाचे महत्त्व फळ्यावर मांडल्यासारखे सांगते. सहा कॅटांची पाने ३१२. समजा डोक्यातला आकडा अधिक सहा झाला. अजून तीन कॅट उरले असतील तर ती जास्तीची सहा मोठी पाने तीन कॅटांत पसरलेली आहेत, म्हणजे दर कॅटामागे दोनच. पण एकच कॅट उरला असेल तर दर कॅटामागे सहा! डोक्यातल्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागून येणारा हा आकडाच खरा. तो एकाने वाढला की खेळाडूची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने वधारते. सुरुवातीची घरपट्टी अर्धा टक्का धरली तर आकडा एकवर आला की बरोबरी, आणि दोनच्या पुढे खेळाडूची कमाई सुरू. आता डीलरने खोक्यात कापाचे रंगीत पान कुठे खोचले ते पाहा. मागे दीड कॅट राखून खोचले तर २३४ पाने वाटली जातात आणि चांगल्या संधी येतात. मागे तीन कॅट राखले तर १५६ पानांवर खेळ संपतो, आकडा मोठा होण्याआधीच. दोन्ही टेबलांवर नियमांची पाटी अगदी सारखी. साध्या गिऱ्हाइकाला काहीही फरक दिसत नाही. मोजणाऱ्याच्या दृष्टीने एक टेबल बसण्यासारखे आणि दुसरे पाठ फिरवण्यासारखे.

इथून पुढे 'कसे खेळावे' हा प्रश्न मागे पडला आणि 'कुठे बसावे' हा पुढे आला.

स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचे 'प्रोफेशनल ब्लॅकजॅक' १९७५ साली आले. त्यांची युक्ती अशी की टेबलावर बसायचेच नाही. मागे उभे राहून मोजत राहायचे. आकडा चांगला झाला की येऊन पैसे लावायचे, बिघडला की निघून जायचे. एकाच खोक्यातला वाईट भाग टाळून चांगला तेवढा घ्यायचा. या रीतीला त्यांच्याच नावावरून 'वाँगिंग' म्हणू लागले. उत्तर म्हणून पुष्कळ कॅसिनोंनी 'खोके मध्यावर असताना नव्या माणसाने बसायचे नाही' अशा पाट्या लावल्या.

केन ऊस्टन हे आणखी एक नाव. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधले वरिष्ठ अधिकारी, पण मन पत्त्यांत. अल फ्रान्सेस्को यांनी उभारलेल्या टोळीतून ते शिकले. टोळीतले काही जण वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ पैसे लावत मोजत बसत. कुठे आकडा चढला की खूण होई आणि बडा खेळाडू डुलत डुलत येऊन तिथे मोठी रक्कम लावी. नीट पाहिले तर हेही टेबल निवडणेच, फक्त एकाच्या जागी अनेक डोळ्यांनी.

२६ मे १९७८ रोजी न्यू जर्सीतल्या अ‍ॅटलांटिक सिटीत नेव्हाडाबाहेरचा पहिला कायदेशीर कॅसिनो उघडला. तिथल्या सरकारी आयोगाने एक उदार नियम ठेवला होता. पाने वाईट आली तर डीलरने आपले झाकलेले पान पाहण्याआधीच अर्धे पैसे सोडून डाव टाकता येत असे. या एका नियमाने घरपट्टी सुमारे ०.६ टक्क्यांनी उतरत होती, म्हणजे खेळ जवळजवळ बरोबरीचाच झाला. मोजणाऱ्यांची झुंबड उडाली. कॅसिनोने त्यांना हाकलायला सुरुवात केली. डिसेंबर १९७९मध्ये आयोगाने काही दिवस त्यांना खेळू देण्याचा प्रयोगही करून पाहिला. शेवटी ऊस्टन न्यायालयात गेले आणि १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आयोगाचा तसा नियम नसताना केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला कोणाला बाहेर काढता येणार नाही.

केवढा विजय, नाही? पण त्याचे पर्यवसान काय झाले पाहा. तो उदार नियम १९८१मध्येच काढून टाकला गेला होता. माणसाला हाकलता येत नाही म्हटल्यावर कॅसिनोंनी खेळालाच हात घातला. कॅट आठ केले आणि मनाला येईल तेव्हा पिसू लागले. खुर्चीचा हक्क मिळाला, पण बसण्यासारखे टेबल उरले नाही. उलट नेव्हाडात कॅसिनो आजही मोजणाऱ्याला 'निघा' म्हणू शकतो, आणि तरीही चांगली टेबले तिथेच जास्त वर्षे टिकली. डोक्यात मोजणे तिथे गुन्हा नाही. मात्र मोजायला यंत्र वापरणे १९८५पासून गुन्हा आहे. कायद्यातला हक्क आणि प्रत्यक्षातला लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे उदाहरण आहे.

आता हिशोबाकडे येऊ. १९८० साली अर्नोल्ड स्नायडर यांनी 'द ब्लॅकजॅक फॉर्म्युला' हे छोटे पुस्तक काढले. नियम कोणते, कॅट किती, किती खोलवर वाटतात, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त लावायच्या रकमेत अंतर किती, एवढे आकडे घातले की त्या टेबलावरची अपेक्षित मिळकत काढता येत असे. नियमांच्या पाटीपेक्षा किती खोलवर वाटतात हे जास्त मोलाचे असू शकते, ही गोष्ट त्यांनी लोकांच्या मनावर बिंबवली. पुढच्या वर्षीपासून त्यांनी 'ब्लॅकजॅक फोरम' नावाचे त्रैमासिकही चालवले.

पण यात एक उणीव होती. नुसती सरासरी मिळकत पाहून भागत नाही. एकाच रकमेचे शंभर डाव खेळले आणि सरशी एक टक्का धरली, तर अपेक्षित कमाई त्या रकमेच्या एक पट. पण त्या शंभर डावांत सहज होणारा चढउतार सुमारे अकरा पट! म्हणजे कमाई मुंगीएवढी आणि हेलकावे बैलाएवढे. दोन टेबलांची सरासरी सारखी असली तरी एकावर हेलकावे जास्त असतील तर ते टेबल वाईट, कारण चांगले दिवस येण्याआधीच भांडवल संपायचे. डॉन श्लेसिंजर यांच्या 'ब्लॅकजॅक अटॅक' या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९९७ची. पुढच्या आवृत्तीत त्यांनी 'स्कोर' नावाचे माप दिले. भांडवल दहा हजार डॉलर, पूर्ण बुडण्याचा धोका साडेतेरा टक्के, आणि त्या मर्यादेत पैसे उत्तम रीतीने लावले तर शंभर डावांत सरासरी किती डॉलर मिळतील? जगातल्या कुठल्याही ब्लॅकजॅकच्या टेबलाला हा एकच प्रश्न विचारायचा. सगळ्यांना समान धोका दिल्यावर जो आकडा येतो तो प्रामाणिक. परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, तसे.

त्यातला साडेतेरा टक्के हा आकडा नजरेआड करू नका. चांगले टेबल निवडून, न चुकता मोजून, शिस्तीने पैसे लावूनही साधारण सातातला एक जण पार बुडतो. सिनेमात हा सातवा माणूस दाखवत नाहीत.

तर मोजणारा माणूस टेबलाजवळ उभा राहून कोणते प्रश्न विचारतो? ब्लॅकजॅकला किती पट देतात? पत्ते हाताने पिसतात की वाटलेली पाने लगेच परत पोटात घेणारे यंत्र आहे? (अशी सतत पिसणारी यंत्रे २०००च्या सुमारास आली. कॅटाची आठवणच पुसली जात असल्याने तिथे मोजणीचा काही उपयोग नाही.) कॅट किती, आणि कापाचे पान कुठे खोचतात? एक्का अकरा धरून सतरा झाले तर डीलर थांबतो की आणखी पत्ता घेतो? घेत असेल तर घरपट्टी ०.२ टक्क्यांनी वाढली. दुप्पट करणे, तोडणे, सोडणे यांवर बंधने किती? टेबलावर गर्दी किती, कारण गर्दी जास्त तर तासाला डाव कमी. आणि शेवटी, लहान रकमेवरून मोठ्या रकमेवर उडी घेतली तर मागे उभा असलेला साहेब किती वेळ खपवून घेईल? यातल्या एखाद्याही प्रश्नाचे उत्तर फारच वाईट असेल तर तो निघून जातो. बहुतेक वेळा तो निघूनच जातो. या धंद्यातल्या लोकांचा पुष्कळसा वेळ चालण्यात आणि पाहण्यात जातो, खेळण्यात कमी.

यातला पहिला प्रश्न मोजणाऱ्याचाच नाही, तुमचा-माझाही आहे. २००३च्या सुमारास लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर एक नवी टेबले दिसू लागली. 'एकच कॅट!' अशी मोठी पाटी. जुन्या जाणत्यांना वाटावे, थॉर्पचे दिवस परत आले. पण हिरव्या कापडावर बारीक बदल होता. ब्लॅकजॅकला दोनास तीन नव्हे, तर पाचास सहा. ऐकायला सहा हा आकडा तीनपेक्षा मोठाच! आता हिशोब करू. बावन्न पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात. चार एक्के आणि सोळा दहाची पाने यांच्या जोड्या ६४. म्हणजे साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक. दहा डॉलर लावणाऱ्याला पूर्वी १५ मिळत, आता १२. एकवीस डावांत २१० डॉलर लावले आणि तीन डॉलर गेले. डीलरलाही त्याच वेळी ब्लॅकजॅक आला तर काहीच मिळत नाही, तेवढे वगळले तरी घरपट्टीत जवळजवळ १.४ टक्क्यांची भर.

म्हणजे दहा डॉलरने तासाला ऐंशी डाव खेळणारा, आणि चौघा लष्करी तरुणांच्या रीतीने अचूक खेळणारा माणूस, चांगल्या नियमांच्या सहा कॅटांच्या टेबलावर तासाला सरासरी तीन-सव्वातीन डॉलर हरेल. 'एकच कॅट' या आकर्षक टेबलावर सुमारे बारा. जवळजवळ चौपट. १९६४मध्ये काढून घेतलेल्या नियमांचा तोटा याहून कमीच होता.

आणि या वेळी लोक उठले का? नाही. १९६४मध्ये ज्या लोकांनी काही आठवड्यांत संघटनेला माघार घ्यायला लावली, त्यांचीच नातवंडे खाली बसली आणि खेळत राहिली. हा प्रकार मग एका कॅटावरून सहा-आठ कॅटांच्या टेबलांवरही पसरला. आज लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर कमी रकमेच्या टेबलांवर पाचास सहा हाच रिवाज झाला आहे. जुना दर हवा असेल तर बहुधा जास्त रक्कम लावणाऱ्यांच्या टेबलावर जावे लागते. म्हणजे गरिबाला घरपट्टी जास्त, श्रीमंताला कमी.

फरक कशामुळे पडला असेल? मला वाटते, १९६४मध्ये काढून घेतले ते डोळ्यांसमोर. हातात एक्क्यांची जोडी येई आणि डीलर म्हणे, 'तोडता येणार नाही.' ते लगेच टोचे. २००३नंतर जे काढले ते जिंकण्याच्या क्षणी. ब्लॅकजॅक आल्याच्या आनंदात तीन डॉलर कमी आले हे कोणाच्या लक्षात येते? मोठी पाटी 'एकच कॅट' सांगते आणि छोटी ओळ तिचा मोबदला काढून घेते. ही युक्ती काही पत्त्यांपुरती नाही. विम्याच्या कागदांवर, कर्जाच्या पत्रकांवर, 'शून्य टक्के व्याज' लिहिलेल्या जाहिरातींत तिची भावंडे आपल्याकडेही भेटतात.

पत्ते मोजणाऱ्यांनी कॅसिनोला लुटले, ही समजूत म्हणूनच मला खरी वाटत नाही. काही जणांनी पैसे मिळवले हे खरे. पण त्यांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे भाव काढण्याची रीत. अमुक नियम एवढ्याला पडतो, तमुक एवढ्याला, हे उघड्यावर छापून ठेवले. कोणालाही वाचता येईल असे. त्यांना स्वतःला खेळ चांगला राखता आला नाही, कारण ते नेहमीच मूठभर राहिले. खेळ चांगला राहिला तो साधे गिऱ्हाईक चोखंदळ होते तोवर. ते वाचेनासे झाले आणि घरपट्टी वाढली.

युधिष्ठिराला फासे टाकता येत नव्हते हे खरेच, पण त्याची मोठी चूक त्याआधीची होती. डाव कोणाचा, फासे कोणाचे आणि टाकणार कोण, हे माहीत असून तो बसला. बोलावणे आले की बसायचे, हा क्षत्रियाचा धर्म असेल. तुमच्या-माझ्यावर तसे काही बंधन नाही.

असो. घरातल्या पोराबाळांनी यावरून 'आजीने जुगाराची शिकवणी घेतली' असे म्हणू नये. कधी तिकडे गेलात आणि हौस म्हणून दहा-वीस डॉलरचा खेळ पाहावा वाटलाच, तर बसण्याआधी कापडावरची ती बारीक ओळ वाचा. पाचास सहा दिसले तर कारंजी पाहायला जा. ती फुकट आहेत.